बोर्ड कसण्याआधी मांडणी पाहिली

म्हापशाला भाच्याच्या कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड (सगळे भाग जोडतात तो मुख्य बोर्ड) बसवायचा होता, २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. बोर्ड खोक्यावरच ठेवून आधी नीट पाहिला. प्रोसेसरचं ८ पिनी पॉवर सॉकेट अगदी वरच्या कोपऱ्यात. मोठा कूलर बसला की तिथे बोटच जात नाही. म्हणून ती वायर मागून ओढून आधीच वर आणून ठेवली. साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, दोन पोर्ट ग्राफिक्स कार्डाखाली दडत होते (ही रचना कुणाला सुचते देव जाणे!), तेव्हा डिस्कच्या केबली कार्डाआधी लावल्या. एका स्टँडऑफवर (बोर्ड ज्यावर टेकवून कसतात तो धातूचा छोटा खुंट) बोर्डाचं भोक येत नव्हतं. तो काढला, नाहीतर शॉर्टची भीती. पावसाळी दमट हवेने गंजलेले स्क्रूही बदलले. रॅमच्या दोन पट्ट्या मॅन्युअलप्रमाणे दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये. बटण दाबताच बायोस, म्हणजे बोर्डाचा सुरुवातीचा स्क्रीन, आला.