ग्लासगोच्या हिवाळ्यातली मरगळ आणि सततची सर्दी: मला काय लागू पडलं

नोव्हेंबर लागला की सकाळी उठवत नसे, मन उदास, सर्दी हटत नसे. च्यवनप्राश, जादा कॉफी, खिडकीपाशी बसणं, फरक शून्य. अगदी रडकुंडीला आलो होतो.

इथे स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ड जीवनसत्त्व जवळपास मिळत नाही, काचेतून तर नाहीच.

आधी रक्त तपासलं: ड कमी. डॉक्टरांचा डोस पूर्ण केला, मग रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी. त्यानंतर मरगळीसाठी १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप), अतिनील किरण गाळलेला दिवा: उठल्यावर तासाभरात, अर्धा तास, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, डोळे उघडे, पण थेट दिव्याकडे न बघता. या दिव्याने ड मिळत नाही, म्हणून गोळी हवीच. सकाळचं जडपण आधी गेलं. सर्दी उशिरा आटोक्यात आली. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) असेल तर दिव्याआधी डॉक्टरांना विचारा.