रीफ टाकी गार कशी ठेवायची आणि मासे उपाशी न ठेवता पाणी कसं सांभाळायचं

रीफ टाकी म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. अशा टाकीवाल्यांचे उन्हाळ्यात दोनच प्रश्न असतात, पाणी तापतंय काय करू आणि खाणं किती घालू, आणि लोक या दोन्हीची उत्तरं वेगवेगळी शोधतात. खरं तर दोन्हीच्या मधे ऑक्सिजन बसलाय. २५ अंशाला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ६.२ च्या आसपास. गोड्या पाण्यात २५ अंशाला ८ च्या वर असतो, म्हणजे खाऱ्या टाकीत मुळातच कमी. वर पाणी तापलं की माशांचं शरीर जोरात चालायला लागतं, भूक वाढते, श्वास वाढतो, आणि उरलेलं खाणं कुजवणारे जीवाणूसुद्धा तोच ऑक्सिजन खातात. त्यामुळे तापलेल्या टाकीत भरपूर खाणं टाकणं हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

पायरी १: आधी मोजा, मग खरेदी

दोन थर्मामीटर पाहिजेत, वेगवेगळ्या प्रकारचे. एक डिजिटल प्रोब आणि एक साधा काचेचा चालेल. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते ती खोलीचं आणि पाण्याचं मिळून काहीतरी सरासरी दाखवते, तिच्यावर निर्णय घेऊ नका. आठवडाभर रोज सकाळी लाइट लागायच्या आधी आणि दुपारी उशिरा असं दोनदा तापमान लिहून ठेवा.

बघायचं काय तर २४ ते २७ अंश ही बहुतेक रीफ टाक्यांना मानवणारी रेंज आहे. पण रोजचा चढउतार १ अंशाच्या आत आहे का हे जास्त महत्त्वाचं, कायम २७ अंशांवर स्थिर असलेली टाकी सकाळी २४ आणि दुपारी २८ होणाऱ्या टाकीपेक्षा बरी. कोरलच्या आत झूझॅन्थेली नावाचं शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवून कोरलला देतं, आणि उष्णतेचा ताण आला की कोरल त्यालाच बाहेर टाकतं, मग पांढरं पडतं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रावर उपग्रहातून नजर ठेवणारा नोआ या अमेरिकी संस्थेचा कोरल रीफ वॉच हा कार्यक्रम त्या त्या जागच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा फक्त १ अंश वर गेलं की ब्लीचिंगचा ताण धरायला लागतो. फक्त १ अंश! आणि समुद्रापुढे आपली २०० लिटरची टाकी ती काय.

पायरी २: उष्णता येते कुठून ते शोधा

खोली गरम आहे म्हणून टाकी गरम, हे अर्धंच खरं. पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो ते जवळपास सगळे शेवटी उष्णता होऊनच पाण्यात उतरतात. रिटर्न पंप (सम्पमधून, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी परत वर चढवणारा), स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) पंप, दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप), सगळ्यांचे वॅट एका कागदावर लिहून बेरीज करा, आकडा बघून बरेच जण गप्प होतात. जुना एसी (थेट घरच्या विजेवर चालणारा) पंप काढून कमी वॅटचा डीसी (अडॅप्टरवर चालणारा) पंप लावला तर नुसत्या त्यानेच फरक पडतो. लाइट मेटल हॅलाइडचे (जुन्या धाटणीचे खूप तापणारे दिवे) असतील तर पहिला संशयित तोच. एलईडी बरे, पण त्यांची उष्णता वरच्या हीटसिंकमधून निघते, म्हणून बंद झाकणाच्या आत एलईडी ठेवलेत तर फायदा गेला. झाकण काढा, उडी मारणाऱ्या माशांसाठी जाळी लावा. सम्पच्या कपाटाची दारं उन्हाळाभर उघडी.

आणि हीटर. हीटरचं थर्मोस्टॅट चालूच्या स्थितीत अडकतं, हे अगदी कॉमन आहे आणि रात्रीत टाकी शिजते. एक मोठा हीटर लावण्यापेक्षा दोन छोटे लावा म्हणजे एक अडकला तरी त्याच्यात टाकी उकळायची ताकद नसते, आणि दोघांवर मिळून तापमान बघून वीज तोडणारा वेगळा कंट्रोलर असू द्या.

पायरी ३: पंखा

बहुतेक टाक्यांना पंखा पुरतो आणि लोक उगाच थेट चिलरकडे (पाणी गार करणाऱ्या यंत्राकडे) धावतात असं माझं स्पष्ट मत आहे. घाम आल्यावर वाऱ्यात उभं राहिलं की गार वाटतं, तेच तत्त्व. १ लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दिवसभरात वाटून बघितलं तर ती सतत चालणाऱ्या २८ वॅटच्या उपकरणाची उष्णता झाली. म्हणजे दिवसाला ४ लिटर उडवले तर ११० वॅटचा भार गेला, आता मगाशी केलेली पंपांची बेरीज याच्या शेजारी ठेवून बघा.

पंखा पाण्याला समांतर नको, थोडा तिरका, पृष्ठभागावर वारा घासून जाईल असा लावा. सम्पवर लावला तर आवाज कमी आणि टाकी दिसायलाही चांगली. थर्मोस्टॅट प्लगवर जोडा, २६ ला चालू, २५.५ ला बंद. उडालेली वाफ खोलीतच कोंडली तर थोड्या वेळाने पंखा निरुपयोगी होतो, म्हणून खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू पाहिजे. कोरड्या हवेत २-३ अंश सहज उतरतात, दमट हवेत मात्र १ अंशसुद्धा मुश्किलीने, आणि हवा पूर्ण दमट असेल तर पंख्याकडून अपेक्षाच ठेवू नका.

उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. २०० लिटरमधून ४ लिटर उडाले आणि तुम्ही भरले नाहीत तर ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) पाणी एका दिवसात ३५.७ होतं, चार दिवस विसरलात तर ३८. भरायचं ते आरओ-डीआयचं (फिल्टर करून क्षार काढलेलं) गोडं पाणी, मीठ घातलेलं नाही. पंखा लावणार असाल तर ऑटो टॉपऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घ्याच, हाताने रोज भरणं दोन आठवडे उत्साहात होतं मग राहतं. त्याची बादली मुद्दाम लहान ठेवा, सेन्सर अडकला तरी सगळी बादली टाकीत गेली तर खारटपणा फार खाली येणार नाही एवढीच.

पायरी ४: चिलर, लागलाच तर

पंखा लावून, पंप बदलून, झाकण काढूनही दुपारी २८ च्या वर जात असेल किंवा हवा कायम दमट असेल तर चिलर. खोक्यावर लिटर लिहिलेले असतात ते खोलीच्या आणि पाण्याच्या तापमानात ठराविक फरक धरून लिहिलेले असतात, त्यामुळे एक साइज मोठा घ्या, छोटा चिलर दिवसभर चालत राहतो आणि लवकर मरतो. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत फेकतो, हे लोक विसरतात, बंद कपाटात ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. फिल्टरमधून गाळलेलं पाणीच आत जाऊ दे, मागची जाळी महिन्यातून एकदा साफ. चिलर २६.५ वर आणि हीटर २५ वर, मधे किमान १ अंशाची मोकळी जागा ठेवा नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात आणि बिल तुम्ही भरता.

अचानक तापलं तर

३० च्या वर आकडा दिसला की पहिलं काम गार करणं नाही, हवा देणं. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाका, वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा, स्किमर फुल. मासे वर येऊन भराभर कल्ले हलवत असतील तर त्यांना आत्ता ऑक्सिजन पाहिजे, तापमान नंतर बघू. मग लाइट बंद किंवा फक्त मंद निळे. मग बर्फ, पण बंद बाटलीत गोठवलेला. सुटा बर्फ टाकला की खारटपणा बदलतो. बाटली बाहेरून धुवून सम्पमध्ये तरंगत ठेवा. १ लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत १०० लिटर पाणी साधारण १ अंश उतरवते, यावरून तुम्हाला किती लागतील हिशोब करा आणि एकदम सगळ्या टाकू नका. तासाला अर्धा ते १ अंश उतरलं तरी भरपूर. त्या दिवशी खाणं बंद. दुसऱ्या दिवशी अर्धं.

लाइट गेली तर हेच, फक्त बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीपासून घरात असला पाहिजे. हा पंप चिलरच्या आधी घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

पायरी ५: कोण काय खातं ते ओळखा

सगळ्यांना एकच पॅलेट (दाणेदार तयार खाणं), असं चालत नाही. सर्जनफिश म्हणजे आपले टँग दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडत फिरणारे प्राणी, त्यांना रोज नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावून द्या, साधी बिनमसाल्याची, आणि दिवसभर लावून ठेवली तरी चालेल फक्त संध्याकाळी उरलेली काढा. नोरी मिळाली नाही की हेच मासे चिडके होतात, एकमेकांच्या मागे लागतात. क्लाउनफिश, डॅमसेल काहीही खातात, दिवसातून दोनदा पुरे. अँथियास समुद्रात प्रवाहातले प्लवक (प्लँक्टन, पाण्यात तरंगणारे बारीक जीव) दिवसभर टिपत असतात, त्यांना एकदाच मोठं जेवण दिलं तर ते वाळत जातात, तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं. कार्डिनल रात्रीचे, त्यांना लाइट मंद झाल्यावर द्या.

मँडरिन हा वेगळाच विषय. दिसायला इतका सुंदर की नवीन माणूस पहिल्या महिन्यात घेऊन येतो आणि तो मासा हळूहळू उपाशी मरतो, कारण त्याला दगडावरचे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) एकेक करून टिपायचे असतात आणि नवीन टाकीत ते नसतातच. रेफ्युजियम (शैवाल आणि बारीक जीव वाढवायचा वेगळा कप्पा) असलेली, वर्षभर तरी मुरलेली टाकी असेल तरच घ्या.

फ्रोझन मायसिस (गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) हा पाया धरा. ब्राइन श्रिम्प मासे आवडीने खातात पण मोठ्या झालेल्या ब्राइनमध्ये दम नसतो, व्हिटॅमिनमध्ये भिजवून दिला तर ठीक. सोबत चांगलं पॅलेट, आणि आठवड्यातून दोनदा बारीक प्लँक्टनसारखं काहीतरी. पोट आत गेलेलं, डोक्यामागची पाठ चिमटल्यासारखी दिसली तर मासा उपाशी आहे, समोर कितीही झडप घालत असला तरी.

पायरी ६: घालायचं कसं

फ्रोझन क्यूब कपात टाकीच्याच पाण्यात दहा मिनिटं सुटू द्या, गरम पाणी नाही, एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. ते पाणी गाळून टाकावं की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात, मी गाळतो पण फॉस्फेट मुख्यतः खाण्याच्या घन भागातच असतं त्यामुळे गाळल्याने चमत्कार होत नाही, कमी घालण्याने होतो.

रिटर्न पंप दहा मिनिटं बंद करा म्हणजे खाणं ओव्हरफ्लोमधून (टाकीतलं पाणी खाली उतरायच्या वाटेतून) सम्पमध्ये जात नाही. वेव्हमेकर हळू चालू दे. चिमूट चिमूट घाला, दोन मिनिटांत संपेल एवढंच, खाली पडून राहतंय असं दिसलं की थांबा. दांडगे मासे एका कोपऱ्यात गुंतवून लाजऱ्यांना दुसऱ्या बाजूला लांब पिपेटने द्या. युफिलिया, गोनिओपोरासारख्या कोरलना त्याच पिपेटने आठवड्यातून एकदा-दोनदा बारीक काहीतरी, सन कोरल मात्र उजेडावर जगतच नाही, त्याला नियमित भरवावंच लागतं. मग पंप परत चालू करायला विसरू नका, टायमरचा फीड मोड असेल तर वापरा.

वेळ कुठली? रात्रभर शैवाल ऑक्सिजन बनवत नाही म्हणून लाइट लागायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, आणि दुपारनंतर तापमान सगळ्यात जास्त. त्यामुळे गरम दिवसांत मुख्य जेवण लाइट लागल्यावर एक-दोन तासांनी, उकाडा चढायच्या आत. झोपायच्या आधी मोठं खाणं टाकायची सवय असेल तर ती उन्हाळ्यात सोडा, कार्डिनलना दिलात तर अगदी चिमूटभर. उष्णता टाळायला मुख्य लाइट संध्याकाळी ते मध्यरात्रीनंतर असे फिरवले असतील तर जेवणही त्यांच्यासोबत सरकवा, आणि रेफ्युजियमचा लाइट उलट्या वेळेला लावा म्हणजे कोणीतरी एक कायम ऑक्सिजन बनवत असतो.

किती घालायचं याचं शेवटचं उत्तर टेस्ट किट देतं. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असेल तर तुमचं प्रमाण बरोबर आहे. वर जात असेल तर मासे उपाशी मारण्याआधी स्किमर, पाणी बदलणं आणि माशांची संख्या बघा. दोन्ही शून्य दाखवत असतील तर खूश होऊ नका, अशा टाकीत कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेटची (एकपेशीय जीवांची) तपकिरी बुडबुडेवाली साय पसरते, तिथे थोडं जास्त खाऊ घालणं हाच इलाज असू शकतो.

बाहेर जायचं असेल तर धडधाकट मोठे मासे तीन-चार दिवस न खाता आरामात राहतात, अँथियास असतील तर ऑटो फीडर लावा. तो पंख्याच्या वाऱ्यात आणि पाण्याच्या वाफेपासून लांब बसवा कारण दमट झालं की पॅलेटचा गोळा होतो आणि एकतर काहीच पडत नाही किंवा सगळं एकदम पडतं. निघायच्या आठवडाभर आधी चालू करून बघा. शेजाऱ्याला किल्ली देणार असाल तर खाण्याच्या रोजच्या पुड्या बांधून ठेवा आणि डबा लपवा, त्याला मासे भुकेले वाटणारच. आणि त्याला एकच आकडा शिकवा, थर्मामीटरवर २९ दिसलं तर फोन कर.