मूल गेलेल्या बापाजवळ कसं राहायचं

घरातलं पोर आत्महत्येनं गेलं की कोल्हापुरात माणसं कमी पडत नाहीत. गल्ली जमते, तालमीतली पोरं धावतात, रक्षाविसर्जनापर्यंत सगळं पार पडतं. आईला बायका धरून बसलेल्या असतात. बाप मात्र आल्यागेल्याला पाणी द्यायला सांगत फिरत असतो, आणि लोक म्हणतात, 'गडी खंबीर आहे.' तो खंबीर नसतो, हातातल्या कामानं उभा असतो. काम संपलं की कोसळतो, तेव्हा मांडव निघालेला असतो. त्या बापाचा भाऊ, मेव्हणा किंवा जिवाभावाचा दोस्त असाल तर हे तुमच्यासाठी.

पहिल्या दिवशी दोन माणसं नेमा. एक कागदांसाठी. अशा मृत्यूत पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. ही कायद्याची रीत आहे, घरच्यांवरचा संशय नव्हे, हे बापाला स्पष्ट सांगा. जबाब देताना शेजारी थांबा, वाचल्याशिवाय सही नको. मुलाचा मोबाइल, वह्या नेल्या तर यादी लिहून ठेवा, कारण पुढं तीच वही त्याला जिवापाड हवी असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. दुसरा माणूस दारात थांबेल. 'कसं झालं?' म्हणणाऱ्याला त्यानं एवढंच सांगावं: 'पोरानं आत्महत्या केली. यापुढं विचारू नका. आत या, बसा.' फोटो, चिठ्ठी कुणाच्या ग्रुपवर जाणार नाही हेही त्यानंच बघायचं. घरातल्या धाकट्या भावंडाला खरं काय ते त्याच दिवशी, मोजक्या शब्दांत घरच्यांनीच सांगावं. नाहीतर शाळेत कळतं, तेही तिखटमीठ लावून.

बापाशी बोलायचं काय, इथं बहुतेकांची गाडी अडते. 'आता तूच घट्ट राहा, वहिनीकडं बघ' हे मायेनंच म्हटलं जातं, पण त्यानं त्याच्या रडण्याला कुलूप लागतं. 'दुसरं लेकरू आहे ना' हे तर नकोच. रात्रभर त्याच्या डोक्यात शेवटचा दिवस फिरत असतो: मार्कांवरून बोललो, मोबाइल काढून घेतला. लगेच 'तुझी काही चूक नाही' म्हणू नका, त्याला ते खरं वाटत नाही. आधी विचारा, 'काय बोलला होतास, सांग मला.' सगळं ऐकून घ्या. मग सांगा, की एका रागावण्यानं असं होत नाही. आजार, ताण, आतल्या आत साचलेलं असं बरंच एकत्र येतं, आणि त्यातलं पुष्कळ घरच्यांना दिसलेलंच नसतं. मुलाचं नाव घेऊन बोला. लोक नाव टाळायला लागतात, ते बापाला फार लागतं.

पुरुष समोरासमोर बसून बोलेलच असं नाही. बरोबर चालताना बोलतो. रंकाळ्याला फेरी मारा, गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर शेजारी उभे राहा. 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, तो कधीच सांगणार नाही. 'मंगळवारी साडेसहाला दारात गाडी लावतो' म्हणा आणि लावा. नको म्हणाला तर दहा मिनिटं पायरीवर बसून या. तेराव्यानंतर चौघांनी वार वाटून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. किमान तीन महिने त्यात खाडा नको.

मुलाला असं गमावलेल्या आईबापांच्या स्वतःच्या जिवालाही धोका वाढतो. देशात दर दहा आत्महत्यांत सात पुरुषांच्या असतात. दारू वाढली, झोप उडाली, देणीघेणी मिटवू लागला, 'मी राहून काय करू' म्हणाला, तर थेट विचारा: 'दादा, जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरत नाही, उलट दडलेलं बाहेर येतं. हो म्हणाला तर शिव्या नकोत, शपथा नकोत. एकटं सोडू नका. शेतातली फवारणीची औषधं आणि घरातला गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या घरी हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा किंवा थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, न्या. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरलं जातं आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

डॉक्टरकडं न्यायचं तर झोपेपासून सुरुवात करा. 'डोक्याचा डॉक्टर' म्हटलं की गडी उठून जातो, 'महिना झाला झोप नाही, एकदा दाखवू' याला तयार होतो. केसपेपर तुम्ही काढा, आत तो म्हणेल तरच जा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणं हीच नेहमीची गफलत. सोबत दारू चालू असेल तर डॉक्टरांना खरं सांगा.

पुढच्या वर्षभरातल्या तारखा आजच मोबाइलमध्ये टाका: मुलाचा वाढदिवस, निकालाचा दिवस, गणपती, वर्षश्राद्ध. जड जाते ती आदली रात्र. त्या रात्री फोन करू नका, घरी जा. जेवायला बसा, आणि त्या पोराला काय आवडायचं ते त्याच्या बापाला विचारा.