बेळगावकडच्या मुलांनो, इंग्रजीतल्या या चुका टाळा

खानापूरच्या एका मुलाने उद्यमबागेतल्या नोकरीसाठी लिहिलेला अर्ज माझ्याकडे तपासायला आला. पहिलीच ओळ: ‘आय ॲम वर्किंग ॲज अ फिटर सिन्स टू इयर्स.’ ही ओळ मी इतक्या अर्जांत वाचलीय की आता मुलांना रागवावंसं वाटत नाही. तिचं मूळ आपल्या बोलण्यातच आहे.

मराठीत आपण ‘2022 पासून’ म्हणतो, ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो. कन्नड बोलतानाही तेच, ‘एरडु वर्षदिंद’. दोन्ही भाषांत एकाच रूपावर भागतं, म्हणून सीमाभागातल्या मुलाला इंग्रजीतही एकच शब्द पुरेल असं वाटतं. तिथे मात्र सुरुवात कधी झाली हे सांगायला सिन्स आणि किती काळ झाला हे सांगायला फॉर. काम अजून चालू असेल तर ‘आय ॲम’ऐवजी ‘आय हॅव बीन’ लागतं. म्हणजे ओळ झाली, ‘आय हॅव बीन वर्किंग ॲज अ फिटर फॉर टू इयर्स.’

अडलात तर कॅलेंडर आठवा. सोमवार, जून, गणेश चतुर्थी यांवर बोट ठेवता येतं, तिथे सिन्स. तीन महिने, दोन वर्षं मोजावी लागतात, तिथे फॉर.

‘उसने’ शब्दाचंही असंच होतं. आपण पैसे उसने देतो आणि उसनेच घेतो. इंग्रजीत घेणाऱ्याचं बॉरो, देणाऱ्याचं लेंड. म्हणून ‘बॉरो मी युवर पेन’ नको, ‘लेंड मी युवर पेन’ म्हणा.

त्याच अर्जात ‘आय पास्ड आउट’ होतं. इथे सगळ्यांना कळतं, पण परदेशी माणूस त्याचा अर्थ ‘मी बेशुद्ध पडलो’ असा घेईल. ‘आय कंप्लीटेड माय आयटीआय’ लिहा. डिस्कसनंतर अबाउट जोडू नका. प्राचार्यांना अर्ज करताना प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एल येतं. एल-ई लिहिलं की तत्त्व होतं.

आणि एक चूक मला फार खटकते, कारण ती हुशार, विचारणारी मुलंच करतात: ‘सर, आय हॅव अ डाउट.’ आपली शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही. डाउटमध्ये मात्र संशयच जास्त. मुलाखतीत समोरच्याला वाटेल, याचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. विचारणं अजिबात सोडू नका, फक्त ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.