युरोपचा रेल्वेपास घ्यायचा का, त्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या, मोबाईल नको कारण सगळं एका नजरेत दिसायला हवं, आणि त्यावर फक्त शहरं लिहा, ज्या क्रमाने मुक्काम आहे त्या क्रमाने. पॅरिस तीन रात्री, इंटरलाकन चार, मग व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, असं. दोन शहरांच्या मधे एक रेघ मारा आणि रेघा मोजा. बारा-तेरा दिवसांच्या ट्रिपमधे चार-पाचच रेघा निघतात आणि तिथेच बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की आपण पंधरा दिवसांच्या पासचे रेट उगाच बघत होतो. युरेलचा, म्हणजे युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठीचा, ग्लोबल पास 33 देशांत चालतो, त्यात दोन प्रकार असतात, एक सलग दिवसांचा आणि दुसरा मोजक्या दिवसांचा, म्हणजे महिनाभरात कुठलेही 4, 5 किंवा 7 दिवस, नाहीतर दोन महिन्यांत 10 किंवा 15. प्रवासाचा एक दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा, त्यात कितीही गाड्या बदला. आपल्यासारख्या एकेका गावात तीन-तीन रात्री काढणाऱ्यांना दुसरा प्रकारच बरा.

आता पासची किंमत भागिले दिवस. समजा 7 दिवसांचा पास 380 युरोला दिसतोय, तर एक दिवस पडला साधारण 54 युरोला. हा आकडा कागदाच्या डोक्यावर मोठा लिहून ठेवा आणि प्रत्येक रेघेसमोर त्या प्रवासाचं साधं तिकीट लिहा, ते त्या त्या देशाच्या रेल्वेच्या साईटवरून, जर्मनीला डॉइच बान, ऑस्ट्रियाला ओबीबी, फ्रान्सला एसएनसीएफ, इटलीला त्रेनइतालिया, स्वित्झर्लंडला एसबीबी. तुमच्या तारखेचं बुकिंग अजून उघडलं नसेल तर जवळच्या महिन्यातला तोच वार बघा. आणि हो, एकच रेट लिहून थांबू नका, दोन लिहा, एक खूप आधी काढलेल्या स्वस्त तिकिटाचा आणि एक दोन-तीन दिवस आधीचा. प्राग ते व्हिएन्ना किंवा व्हिएन्ना ते बुडापेस्टचं तिकीट लवकर काढलं तर इतकं स्वस्त मिळतं की तिथे पासचा दिवस खर्च करणं मला तरी पटत नाही.

तिसरा रकाना रिझर्व्हेशनचा, आणि इथे जरा वेळ द्या, कारण आपण सगळे इथेच फसतो. आपल्याकडे एक्सप्रेसचं तिकीट काढलं की डबा आणि बर्थ नंबर त्यातच येतो, तिकडे तिकीट वेगळं आणि सीट वेगळी, आणि पास म्हणजे फक्त तिकीट. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधे बहुतेक गाड्यांत पास दाखवायचा आणि रिकामी सीट बघून बसायचं, सीट पक्की हवी असेल तर थोडे पैसे भरून घ्या, सक्ती नाही. पण फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई आणि युरोस्टार यांत पास असला तरी सीट घ्यावीच लागते आणि तिचे पैसे वेगळे. इटलीत ते दहा-पंधरा युरोच्या आसपास, युरोस्टारला त्याच्या दुपटीहून जास्त. त्यातही टीजीव्ही आणि युरोस्टारमधे पासवाल्यांसाठी ठराविकच सीट असतात, त्या संपल्या की गाडीत जागा असूनही तुम्हाला मिळत नाही. म्हणून ॲमस्टरडॅम-पॅरिस-झुरिक-मिलान-रोम असा बेत असेल तर रिझर्व्हेशनचे पैसे पासच्या किमतीत मिळवा आणि मगच तुलना करा, माणशी किती वाढले ते बघून बहुतेक जण पासचा विचार सोडून देतील. इटलीतली इतालो आणि फ्रान्समधली उईगो या गाड्यांत पास चालतच नाही, तेही बघून ठेवा. नाइटजेट या रात्रीच्या झोपायच्या गाडीला बर्थचे पैसे वेगळे, पण गाडी रात्री बाराच्या आत पकडली आणि मधे बदलायची नसेल तर निघाल्याचा एकच दिवस मोजला जातो, वर हॉटेलची एक रात्र वाचते.

याच्या उलट पास कुठे वसूल होतो, तर म्युनिक, साल्झबर्ग, इन्सब्रुक, झुरिक, लुसर्न या पट्ट्यात, जिथे सकाळी उठून ढग बघायचे आणि कुठे जायचं ते ठरवायचं. माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ ते इटलीतलं तिरानो. लोक बर्निना एक्सप्रेसची मोठ्या काचांची गाडी शोधतात, तिला पास असला तरी रिझर्व्हेशनचे पैसे पडतात, पण त्याच रुळांवरून साध्या लाल लोकल गाड्याही जातात, त्यांना पास पुरतो, सीटची सक्ती नाही, आणि 2253 मीटरवरचा तोच घाट, त्याच हिमनद्या दिसतात. सगळे दिवस स्वित्झर्लंडमधेच असतील तर मात्र स्विस ट्रॅव्हल पासचं गणित वेगळं मांडा, त्यात शहरातल्या ट्राम, पिवळ्या पोस्ट बस आणि पाचशेच्या वर म्युझियम येतात. युंगफ्राऊयोख या डोंगरावरच्या स्टेशनला जायला दोन्ही पासवर फक्त सवलत आहे, पूर्ण प्रवास नाही, तो खर्च वेगळा धरा.

मग घरातल्यांची वयं लिहा. 4 ते 11 वर्षांच्या मुलांचा पास फुकट, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं, पण तो पास मोठ्यांच्या पासबरोबरच काढावा लागतो आणि सीटचे पैसे मुलांनाही पडतात. 27 वर्षांपर्यंत तरुणांचा रेट, 60 च्या पुढे ज्येष्ठांचा. आम्ही चौघं गेलो तेव्हा मुलं 7 आणि 10 वर्षांची होती आणि त्यामुळेच आमचं पारडं पासकडे झुकलं, दोघंच असतो तर आम्ही सुटी तिकिटं काढली असती. फक्त जर्मनीत लांबच्या गाड्यांत 14 वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर तशीही फुकट जातात, तेव्हा सुट्या तिकिटांचा हिशोब करताना तेही धरा.

आता मुख्य गोष्ट, व्हिसा. पासचे तुम्ही पैसे मोजता ते मनाला येईल तेव्हा गाडी पकडायच्या मोकळिकीचे. पण शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपच्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसासाठी, आपण हॉटेलं, तारखा सगळं आधीच पक्कं केलेलं असतं, मग ती मोकळीक वापरणार कधी? अशा वेळी लवकर काढलेली तिकिटंच बरी. पण तीच तिकिटं बहुतेक परत न होणारी असतात आणि व्हिसा हातात यायला उशीर झाला तर ती काढायची हिंमत होत नाही, आणि व्हिसा येईपर्यंत स्वस्त तिकिटं संपलेली असतात. तेव्हा पास खरा कामाला येतो, कारण त्याची किंमत जायची तारीख जवळ आली म्हणून चढत नाही. म्हणून मी सांगेन की दोन्ही बेरजा तयार ठेवा, आधीच्या रेटची आणि उशिराच्या रेटची, आणि व्हिसा कधी मिळतो त्यावर निवडा.

मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, नेदरलँड्समधे राहत असेल आणि आईबाबा इथून जाणार असतील तर आईबाबांना युरेल आणि तिकडे राहणाऱ्यांना इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास, पासपोर्ट भारताचा असला तरी राहता देश बघतात. आणि इंटररेल राहत्या देशात फक्त बाहेर पडायला आणि परत यायला चालतो. लंडन जोडणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, पास त्यात काही मदत करत नाही.

पास घ्यायचं ठरलंच तर कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवा, पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव टाका, आणि पासचं रेल प्लॅनर ॲप इथेच घरच्या वायफायवर समजून घ्या. गाडीत चढायच्या आधी तो प्रवास ॲपमधे टाकावाच लागतो, तपासनीस आल्यावर टाकला तर दंड होऊ शकतो, पासपोर्टही जवळ ठेवा. आणि पास हातात आला की त्याच संध्याकाळी पहिलं रिझर्व्हेशन पॅरिसच्या गाड्यांचं करा, बाकीच्यांना दोन दिवस थांबलं तरी चालतं.