सोलापूरच्या हवेतला ओझोन कुठून आला, हे कसे शोधावे

उन्हाळ्यात सोलापूरचं आकाश स्वच्छ दिसतं, तरी दुपारी कुणाचा घसा खवखवतो, दमेकऱ्यांना धाप लागते. यामागे जमिनीलगतचा ओझोन असू शकतो. तो कुठल्याच चिमणीतून थेट निघत नाही. वाहनं, वीज केंद्रं, पेटवलेला कचरा यांतून निघालेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सेंद्रिय वायू यांच्यावर ऊन पडलं की तो तयार होतो, आणि तोवर वाऱ्याने ती हवा दूर नेलेली असते. उंचावर तो काही आठवडे टिकतो. एवढ्या काळात तो देशाची सीमा सहज ओलांडतो.

आधी आकडे मिळवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर सोलापूरचं केंद्र निवडून ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइडचे तासावार आकडे उतरवून घ्या. ओझोनची भारतीय मर्यादा आठ तासांसाठी १०० आणि एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ज्या दिवशी आकडा चढला तो दिवस निवडा.

मग हवेचा माग काढा. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान संस्थेचं 'हायस्प्लिट' हे संगणकीय साधन मोफत आहे; हवा कुठून आली किंवा कुठे जाईल, ती वाट ते नकाशावर रेघेने दाखवतं. त्यात उलटा प्रवास (हवा कुठून आली तो) निवडा, अक्षांश १७.६६, रेखांश ७५.९१ भरा आणि १२० तास मागे जा. वेळ जागतिक घड्याळाची (यूटीसी) लागते: आपले दुपारचे अडीच म्हणजे त्या घड्याळात सकाळचे नऊ. उंची ५००, १५०० आणि ३००० मीटर अशी तिन्ही घ्या. गच्चीवरच्या झेंड्यावरून दिशा ठरवू नका. लांबचा ओझोन वरून येतो आणि दुपारी तापलेली हवा घुसळली की खाली उतरतो.

आता ऋतू लक्षात घेऊन रेघ वाचा. जून ते सप्टेंबर ती बहुधा अरबी समुद्राकडून येते. हवा स्वच्छ, ऊन कमी, म्हणून ओझोनही कमी. हिवाळ्यात ती ईशान्य-पूर्वेकडे, तेलंगण-ओडिशाच्या बाजूला वळते. एप्रिल-मे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात: वरची रेघ कधी समुद्र ओलांडून ओमान-इराणच्या दिशेनेही जाऊ शकते.

पण रेघ हवेची वाट दाखवते, दोषी नव्हे. म्हणून नायट्रोजन डायऑक्साइडचा आलेख शेजारी ठेवा. सकाळी तो उंच असेल आणि दुपारी ओझोन झपाट्याने चढून रात्री कोसळत असेल, तर वाटा मुख्यतः आपल्याच रस्त्यांचा आणि परिसराचा समजा. रहदारीपासून दूर, रात्रीही ओझोन बराच टिकत असेल, तर बाहेरून आलेल्या हवेचा संशय धरा. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. चढ्या आकड्यांचे बरेच दिवस तपासा.

शेवटी हेच साधन सुलट दिशेने, जानेवारीतल्या एखाद्या दिवसासाठी चालवा. रेघ बहुधा अरबी समुद्रावर उतरेल. १९९९ च्या 'इंडोएक्स' या हिंदी महासागरावरची हवा अभ्यासणाऱ्या मोहिमेत शास्त्रज्ञांना हिवाळी वाऱ्यांनी नेलेला दक्षिण आशियाचा धुरकट थर हिंदी महासागरावर दिसला होता, मालदीवपर्यंत. १९९८ च्या माले जाहीरनाम्यात भारतासह दक्षिण आशियाई देशांनी सीमापार प्रदूषणावर एकत्र काम करायचं मान्य केलं, ते याच देवाणघेवाणीमुळे.