चढाईचं मासिक लक्ष्य ठरवताय? या चुका टाळा

गेल्या नोव्हेंबरच्या 30 तारखेला संध्याकाळी मी पणजीत सायकलवरून आल्तिनो टेकडीची चढण बारा वेळा चढलो. महिन्याचं लक्ष्य 5000 मीटर होतं, बाकी होते 560, आणि आल्तिनोवर एका खेपेला माझ्या यंत्रात जेमतेम पन्नास मीटर जमा होतात. सातव्या खेपेला फाटकाशी बसलेल्या एका आजींना राहवलं नाही. "पुता, कितें सांडलां रे तुजें?" त्यांना वाटलं माझं काहीतरी हरवलंय आणि मी रस्ता धुंडाळतोय. रात्री आठला आकडा पूर्ण झाला, अ‍ॅपवर पदक आलं, आणि उजव्या गुडघ्यानं पुढचे बारा दिवस जिनासुद्धा चढू दिला नाही. सायकलसाठी डिसेंबरसारखा महिना गोव्यात दुसरा नाही. तो अर्धा घरात गेला.

खरी चूक 1 तारखेलाच झाली होती.

आकडा दुसऱ्याच्या गावचा

ते 5000 मी पुण्याच्या मित्राकडून उचलले होते. पुण्याचा माणूस सिंहगड एकदा चढला की एका दमात पाचशेहून जास्त मीटर पदरात पडतात. आपल्याकडे किनारपट्टीत सडे आहेत: समुद्राच्या पातळीवरून पन्नास-ऐंशी मीटर चढायचं की संपलं, पुन्हा उतार. कोलव्याहून मोबोरपर्यंतचा रस्ता तर इतका सपाट की अख्खी सकाळ घालवली तरी चढाईच्या खात्यात काही पडत नाही.

म्हणून आधी आपल्या नेहमीच्या फेरीचा हिशोब करा. माझी पणजी, दोनापावला, बांबोळी आणि परत अशी आडवळणं घेत होणारी फेरी 35 किलोमीटरची, तिच्यात साधारण 280 मीटर होतात. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तर चार आठवड्यांत 3360. त्यापुढे 5000 गाठायला दोनदा चोर्ला घाट (एका खेपेला सुमारे सातशे मीटर) चढावा लागेल आणि तरीही दोनेकशे मीटर उरतील. नोकरी सांभाळून सायकल चालवणाऱ्याला हे जमेलही, पण निदान 1 तारखेला ठाऊक तरी हवं.

माझा सल्ला: मागच्या दोन महिन्यांची सरासरी काढा आणि तिच्यावर दहा टक्के चढवा. आयुष्यातल्या सर्वांत भारी महिन्यावर चढवू नका. त्या महिन्यात बहुधा सुट्ट्या होत्या.

मीटर कोण मोजतंय?

तिघं एकाच रस्त्यानं, एकाच वेळी जातात आणि घरी आल्यावर तीन आकडे निघतात. यात कुणी खोटं बोलत नसतो. हवेचा दाब मोजणारं सायकल कॉम्प्युटर दाबातल्या फरकावरून उंची काढतं. नुसता मोबाईल असेल तर अ‍ॅप नकाशातल्या उंचीवर विसंबतं. नकाशाला पूल नेहमी कळतोच असं नाही, कधी तो खालच्या पाण्याचीच उंची धरतो. दाबाच्या यंत्राचीही खोड आहे. पावसात त्याच्या बारीक भोकात पाणी बसलं की ते वेड्यासारखे आकडे दाखवतं, आणि दाबात एका हेक्टोपास्कलचा (दाबाचं एकक) फरक म्हणजे उंचीत सुमारे आठ मीटर. महिनाभर एकच यंत्र वापरा आणि दुसऱ्याच्या आकड्याशी भांडू नका.

गुडघा दुखतो, दोष मात्र वयाला

चढणीवर पाय जड पडले की आपण वजनाला बोल लावतो, वयाला लावतो, आदल्या रात्रीच्या शागोतीला लावतो. मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दात कुणी मोजत नाही.

पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) 34 दातांची आणि मागचं सर्वांत मोठं चक्र 28 दातांचं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. मागे 34 दात असतील तर 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेरे धरले, तर पहिल्या जोडीत वेग ताशी 9.2 किलोमीटर, दुसरीत 7.6. आता दहा टक्क्यांची चढण घ्या, आणि माणूस, सायकल मिळून 80 किलो. नुसती उंची गाठायला पहिल्या जोडीत सुमारे 200 वॅट लागतात, दुसरीत 165. हौशी माणूस 200 वॅट दहा मिनिटं काढील, पाऊण तास काढणं कठीण. मग फेरे 60 वरून 45 वर घसरतात, प्रत्येक फेऱ्याला पाय दाबून द्यावा लागतो, आणि तो दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो.

तेव्हा महागडी चाकं घेण्याआधी कॅसेट बदला. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 34 दात पेलतो का, चेन लांब लागेल का, हे मेकॅनिकला आधी विचारा. आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला बहुतेक वेळा पेलत नाही.

इथं हटकून कुणीतरी पोदेराचं, दारोदार पाव विकणाऱ्याचं, उदाहरण देतो. तो एका गिअरच्या सायकलवर पावांची टोपली बांधून टेकडी चढतो, मग आपल्याला काय धाड भरलीय? पोदेर नीट बघा. चढण उभी झाली की तो निमूट खाली उतरतो आणि सायकल ढकलतो. त्याला उंडे गरम असताना पोचवायचे असतात, महिन्याचा आकडा नाही.

गिअर बदललं तरी दुखणं राहिलं तर सीट तपासा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि दोन-तीन फेऱ्या थांबा. तरीही दुखत असेल तर डॉक्टर गाठा, यूट्यूब नको. जोर लावताना चेन दातावरून उडी मारत असेल तर ती झिजली आहे. आणि गिअर चढण लागण्याआधी टाका. भर चढणीत, पूर्ण ताकदीत टाकलं की कडकड आवाज येतो, तो पैशांचा असतो.

पहिल्याच रविवारी चोर्ला

साखळीहून केरी गाठायची आणि तिथून घाट. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र जिथं एकमेकांना भिडतात तिथला हा माथा सुमारे 800 मीटरवर आहे, म्हणजे केरीपासून सातशेच्या आसपास चढ. सड्यावर तयार झालेल्या पायांना पाच मिनिटांची चढण कळते, दीड तासाची नाही. त्यामुळे पहिले दोन किलोमीटर जोरात जातात आणि पुढे माणूस दर वळणावर थांबून अंजुणे धरणाचे फोटो काढतो. फोटो हे निमित्त असतं, हे आपण सगळे जाणतो.

मध्ये पायऱ्या ठेवा. आधी फोंड्याची फर्मागुडी. ती सोपी वाटू लागली की पारोड्याचा चंद्रनाथ, चंद्रेश्वर भूतनाथाच्या देवळाची टेकडी: साडेतीनशे मीटरच्या आसपास, पण उभी, तिथं गिअरची खरी परीक्षा होते. मग चोर्ला. वेग ताशी किलोमीटरमध्ये बघू नका, ताशी किती मीटर चढलो ते बघा. ताशी 500 मीटर जमत असतील तर सातशेला सुमारे 1 तास 25 मिनिटं लागतील. सुरुवातीचा अर्धा तास सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर आकडा काहीही दाखवो, तुम्ही जोरात आहात.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, म्हणून शरीर थंड होत नाही. चढणीवर वेग कमी, त्यामुळे वाराही नाही. उजाडताना केरीत असा, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्या, त्यात मीठ असू द्या. एका बाटलीवर चोर्ला चढायला जाऊ नका. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, रिम तापते. मोल्याहून अनमोडचा घाटही सुंदर आहे, पण तो महामार्ग आहे आणि ट्रकांचा आहे. माझ्या मते एकट्यानं जाण्याचा तो रस्ता नव्हे.

जुलैला जानेवारीचं माप

गोव्यात वर्षाला जवळजवळ 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अ‍ॅपला हे ठाऊक नसतं, ते जुलैलाही तेवढेच मीटर मागतं. घाटात धुकं, दरडीची भीती, रस्त्याच्या कडेला शेवाळ, आणि तांबड्या मातीचा चिखल चेनमध्ये आणि ब्रेक पॅडमध्ये. आमच्याकडे एका पावसाळ्यात दोन जोड पॅड सहज संपतात. या महिन्यांत मीटर सोडा, खेपा मोजा: आठवड्यातून दोनदा, घराजवळच्या ओळखीच्या चढणीवर, पाऊस उघडला असताना. चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यात तेही नको. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या खायच्या. पाय पळून जात नाहीत.

मागे पडलात तर

20 तारखेला वही काढा. उरलेल्या मीटरांना उरलेल्या फेऱ्यांनी भागा. उत्तर नेहमीच्या फेरीच्या दीडपटीपेक्षा जास्त आलं, तर आकडा त्याच दिवशी खाली आणा. त्या नोव्हेंबरात चोर्ला एकदा करूनही 20 तारखेला माझे 1900 बाकी होते आणि फेऱ्या चार, म्हणजे फेरीला 475. नेहमीचे 280. तेव्हाच 5000 चे 4200 केले असते तर गुडघा वाचला असता. आजींची ओळख राहून गेली असती, एवढंच.